चहाच्या रांगेतलं बहुमत

पोलवेरन, कॉर्नवॉल
१६ जून

प्रिय लव्हडेताई,

सादर नमस्कार. यापुढे ‘विनंती विशेष’ असं लिहायची पद्धत आहे, पण विनंती अशी काही नाही. सहज आठवण झाली म्हणून लिहायला बसलो. (गेल्या सदतीस वर्षांत मी तुम्हाला सहज म्हणून एकही पत्र लिहिलेलं नाही, हे तुमची बहीण थर्झा तुम्हाला शेजारच्या खुर्चीतून सांगेलच. ती खरंच बोलते. पण सुरुवात कधीतरी करायचीच.) तुमचा गुडघा आता कसा आहे? आमचे साडू गुल्वेनराव यांचा रक्तदाब जागेवर आहे ना? त्यांच्या कांद्यांचं पीक यंदा बरं आलं असेल अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे उजव्या हाताला भाजलंय, वजन सहा किलोंनी उतरलंय आणि झोप येत नाही, पण एकंदरीत उत्तम.

झाल्या प्रकाराची थर्झाची बाजू तुमच्या कानावर गेलीच असणार. सहा आठवडे ती तुमच्याकडेच आहे, म्हणजे ती पुन्हा पुन्हा गेली असणार. माझी बाजूही कुणीतरी ऐकावी एवढीच इच्छा. इथे गावात कुणी ऐकत नाही, कारण सगळे तिथे हजर होते.

आमच्या गावच्या सभागृहात दर वसंतात वादविवाद होतो हे तुम्ही लग्न होऊन फ्रान्सला, ब्रिटनीत जाण्यापूर्वी पाहिलंच आहे. मागल्या वर्षी विषय होता, चहाबरोबरच्या स्कोन-पावावर आधी जॅम लावावा की आधी साय. अख्ख्या कॉर्नवॉलमध्ये जॅमच आधी, या विषयाला दुसरी बाजूच नाही. तरी शेजारच्या डेव्हनच्या एका पाहुण्याने ती मांडली आणि दोन कुटुंबांचं बोलणं अजून बंद आहे. तेव्हा यंदा जरा शांत विषय घ्यावा असं ठरलं, आणि चर्चच्या व्हिकरबाईंनी (त्या नवीन आहेत, लीड्सच्या आहेत, त्यांचा दोष नाही) मिस यूरेनची सूचना मान्य केली: ‘युरोपच्या महासंघातून बाहेर पडल्यामुळे या गावाचं भलं झालं आहे.’ पबमध्ये हा विषय काढणाऱ्याला सगळ्यांचे ग्लास धुवावे लागतात, असा आठ वर्षांचा नियम आहे. त्यावरून विषय किती शांत आहे ते व्हिकरबाईंना कळायला हवं होतं. विरोधात मिस यूरेन स्वतः उभ्या राहिल्या. तेहेतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे अर्ध्या सभागृहाला त्या उभ्या राहिल्या की आपसूक पाठ ताठ करायची सवय आहे. बाजूने मी.

भाषण मी आरशासमोर उभा राहून महिनाभर घोकलं होतं. थर्झाने ते दोन वेळा ऐकलं आणि काही बोलली नाही. मला वाटलं, भारावली असेल.

मिस यूरेननी तक्ते आणले होते. अमुक अर्थतज्ज्ञ म्हणतात देशाचं उत्पन्न इतक्या टक्क्यांनी घसरलं, तमुक म्हणतात तितक्या. मी म्हटलं, दोन तज्ज्ञांचे दोन आकडे, म्हणजे निदान एक तरी चूक, आणि कुठला ते त्यांनाच माहीत नाही! हशा झाला. त्या म्हणाल्या, लोणी महागलं ते बाहेर पडल्यामुळे. मी म्हटलं, कोरोनाच्या साथीमुळे. मागून कुणी म्हणालं युद्धामुळे, कुणी म्हणालं दुकानदारामुळे, आणि दुकानदार तिथेच बसला होता, त्यामुळे पाच मिनिटं तिकडेच गेली. माझं धोरण सोपं होतं. देशात जे बरं झालं ते बाहेर पडल्यामुळे आणि जे वाईट झालं ते साथीमुळे. मिस यूरेनचं नेमकं उलट. असा वाद दोन तास अगदी सुखाने चालू शकतो, कुणाच्या अंगाला काही लागत नाही. मग त्यांनी निर्यातीच्या कागदपत्रांचा मुद्दा काढला. आमच्या लेकीच्या, केरेन्झाच्या बोटीवरचे लांब तंगड्यांचे खेकडे जिवंत तुमच्याकडे पाठवायचे तर पूर्वी एक चिठ्ठी पुरायची, आता किती कागद लागतात, असं काहीतरी. मी हसलो. (त्या हसण्याचा मला आता पश्चात्ताप होतो.) आणि म्हणालो, “कागदपत्रांचा बाऊ करणाऱ्यांनी आमच्या घरी यावं. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे ती होऊन जातात!”

टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्या थांबायच्या आत स्वयंपाकघराची खिडकी उघडली. ती आपली चहाचे कप सरकवायची, मधल्या भिंतीतली. तिच्यात थर्झा उभी होती, हातात पुसायचा फडका. लव्हडेताई, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्या बाईला चार माणसांत मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. लग्नातसुद्धा ‘हो’ इतकं हळू म्हणाली होती की तेव्हाच्या व्हिकरने दोनदा विचारलं.

“हेडली,” ती म्हणाली, “किती पानं असतात?”

मी म्हटलं, “कसली?”

“त्या पाच मिनिटांची.”

मी म्हटलं, असतील पाच-सहा. सभागृहात कुणीतरी खोकलं. “आणि ती भरतं कोण?” तिने विचारलं. माझ्या तोंडून निघालं, “भरली जातात.” तुम्हाला सांगतो, ते शब्द हवेत असतानाच माझ्या लक्षात आलं की आपण उंटावरून शेळ्या हाकतो आहोत आणि उंट आता खाली बसतो आहे.

“सतरा पानं,” थर्झा म्हणाली. “दर खेपेला. आठवड्याला दोन खेपा. पशुवैद्याची सही आणायला बोडमिनपर्यंत गाडी मी चालवते. खेकडे मोजते मी. शिक्का उलटा पडला तर पहिल्यापासून लिहिते मी. तू त्या वेळी बाहेरच्या खोलीत टीव्हीवर ओरडत असतोस. देशाच्या अर्थव्यवस्थेचं काय झालं ते मला कळत नाही, मिस यूरेनना कळत असेल. पण माझ्या चार वर्षांच्या संध्याकाळींचं काय झालं ते मला नीट ठाऊक आहे.”

आणि खिडकी बंद केली. आपटली नाही. हळूच लावली, कडीसकट.

खाली मान घालून बसलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण व्हिकरबाई घाबरून म्हणाल्या, मतदान घेऊन टाकू या. आपल्या सभागृहाचं मतदान तुम्हाला आठवत असेल. हात वर करायचे नाहीत, पार्लमेंटसारखं दोन दारांनी बाहेर पडायचं. ठरावाच्या बाजूचे डाव्या दाराने, विरोधातले उजव्या, आणि दोन्हीकडे मोजणारा उभा. डावं दार स्वयंपाकघराच्या बोळात उघडतं. उजवं उघडतं मागच्या अंगणात. त्या दिवशी अंगणात असा पाऊस कोसळत होता की भिंतीला टेकून ठेवलेली सायकल दिसत नव्हती. आणि आठाचा ठोका पडला होता, म्हणजे चहाची वेळ.

डाव्या दाराशी दोन माणसं उभी राहिली. तिसरा त्यांच्या मागे उभा राहिला. आता तुम्ही कितीही वर्षं फ्रान्समध्ये राहा, तीन इंग्रजी बोलणारी माणसं एकामागे एक उभी दिसली की काय होतं हे तुम्ही विसरला नसाल. (फ्रेंच लोक याला काय म्हणतात कुणास ठाऊक, ते अशा वेळी पुढे घुसतात.) बघता बघता रांग स्टेजपर्यंत आली. लोक शांतपणे, एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत, ठरावाच्या बाजूने मतदान करू लागले. आयुष्यभर मिस यूरेनच्या बाजूने बोलणारी त्यांची सख्खी भाचीसुद्धा रांगेत होती. एक म्हातारबुवा पुढच्याला विचारताना मी ऐकले, “ही रांग कसली?” तो म्हणाला, “ठाऊक नाही, पण हलते आहे बरी.” आणि गंमत म्हणजे चहाच्या भांड्यापाशी ओतणारं कुणी नव्हतंच, कारण ओतणारी थर्झा. ती एप्रन काढून, घडी घालून, कोट न घेता उजव्या दाराने बाहेर पडली होती.

अठ्ठावन्न विरुद्ध सात. अठ्ठावन्न माणसं बोळात बिनचहाची उभी होती, कुणीही आपल्या हाताने ओतून घ्यायला तयार नव्हतं, आणि सात माणसं पावसात. त्या सातांत माझी बायको. मी स्टेजवर उभा राहून जनतेचे आभार मानले. का मानले ते विचारू नका. धक्का बसला की माणसाचं तोंड आपोआप चालतं, निदान माझं तरी.

घरी आल्यावर मी आणखी दोन चुका केल्या. पहिली, “पण जिंकलो तरी मीच” असं म्हणालो. दुसरी, तिच्या केसांतून पाणी गळत असताना विचारलं, “म्हणजे तू तेव्हा, दोन हजार सोळाच्या सार्वमतात, मत कुणाला दिलंस?” आपल्या खिडकीत माझी ‘बाहेर पडा’ अशी पाटी होती, ताई! तीन महिने होती! थर्झाच रोज त्या खिडकीची काच पुसायची! ती म्हणाली, “मतदान गुप्त असतं, हेडली.” मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “तू विचारलंस का?” मी आठ वर्षं मागे जाऊन आठवून पाहिलं. सगळ्या गावाला विचारलं होतं. प्लिमथच्या बसमध्ये अनोळखी माणसांना विचारलं होतं. हिला नव्हतं विचारलं. माझ्या पायांखालची वाळू सरकली, आणि मी समुद्रावर चाळीस वर्षं काढलेला माणूस आहे, वाळू सरकते तेव्हा मला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फेरीबोटीने तुमच्याकडे आली. टेबलावर चिठ्ठी होती. ‘लव्हडेकडे जाते. केरेन्झाचा माल गुरुवारी जायचा आहे. कागद इथेच आहेत. पाच मिनिटांचं काम आहे.’

लव्हडेताई, मला त्या पाच मिनिटांना दोन दिवस लागले. खेकड्याचं लॅटिन नाव विचारतात! चाळीस वर्षं मी त्या प्राण्याला निरनिराळ्या नावांनी हाक मारली, त्यातलं एकही कागदावर लिहिण्यासारखं नाही. एका पानावर काळी शाई, दुसऱ्यावर निळी, तिसऱ्यावर जे लागू नाही ते खोडायचं, पण चौथ्यावर खोडलं तर कागद रद्द. पशुवैद्य मुलगी भली होती, म्हणाली, थर्झा कुठे आहेत, त्यांचे कागद कसे स्वच्छ असतात. मी म्हटलं, बाहेरगावी. तरी मी सगळं भरलं, सतराच्या सतरा पानं, आणि ‘मूळ देश’ या रकान्यापाशी आल्यावर तर माझा ऊर भरून आला. ठळक अक्षरांत लिहिलं: कॉर्नवॉल.

आता तुम्हीच सांगा, दुसरं काय लिहायचं? आपल्या वडिलांनी, आजोबांनी दुसरं काही लिहिलं असतं का? पण तुमच्याकडच्या रॉस्कॉफ बंदरावरच्या साहेबाकडे देशांची यादी असते आणि तीत आपण नाही. पशुवैद्य मुलीच्या नजरेतून ते सुटलं, कारण ती पडली इथल्याच, कॉर्नवॉलमधल्या रेडरूथची, तिला त्यात काही वावगं दिसलंच नाही. संपूर्ण गाडी परत आली. चारशे खेकडे, प्रवासाने चिडलेले. केरेन्झा धक्क्यावर उभी होती. तिने कागद वाचला आणि म्हणाली, “बाबा, तू एका महासंघातून बाहेर काढलंस तेवढं पुरे नव्हतं का? आता ग्रेट ब्रिटनमधूनही काढतोस?” माझ्या स्वतःच्या मुलीने, अख्ख्या धक्क्यासमोर. आणि ती हसत नव्हती. दोन खेपा अशा गेल्या तर बोट ठेवणं जमणार नाही, असं ती नंतर हळू आवाजात म्हणाली, आणि ते बोलणं माझ्या काळजाला जास्त लागलं.

मग ते चारशे खेकडे गावाने खायचे ठरलं. पण आपल्याकडे तो खेकडा खातो कोण? पिढ्यान्‌पिढ्या पकडून फ्रान्सला आणि स्पेनला पाठवला. दिसायला तो कुणी भिंतीवरच्या कोळी-किड्याच्या अंगावर दगड चिकटवल्यासारखा. ज्यांनी ज्यांनी माझ्या भाषणाला टाळ्या दिल्या होत्या त्यांच्या दारी मी टोपली घेऊन गेलो. सगळ्यांना अचानक पोटाचे विकार. शेवटी दारात कोण उभं, तर मिस यूरेन, हे एवढं मोठं भांडं घेऊन. बारा खेकडे मागितले. एक शब्द टोमण्याचा बोलल्या नाहीत. (बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.) माझ्याच चुलीवर उकडून, फोडून, समोर ठेवले. तेव्हाच मला भाजलं. मी घास घेतला आणि पुन्हा धक्का! असं गोड मांस मी जन्मात खाल्लं नव्हतं. चाळीस वर्षं पहाटे उठून मी ते धरत होतो आणि तुम्ही मंडळी ते मजेत खात होता, आणि ख्रिसमसच्या एकाही कार्डात एका शब्दाने कळवलं नाहीत.

तेव्हापासून मिस यूरेन मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्या टेबलाशी बसतात आणि मी कागद भरतो. त्या फक्त पेन्सिलीचं टोक ठेवतात, जिथे चुकलं तिथे. देशाच्या उत्पन्नाबद्दल आमचं अजून एकमत नाही. परवाच साथीवरून कडाक्याचं वाजलं. पण गेल्या आठ खेपा सुखरूप पोचल्या, केरेन्झा माझ्याशी बोलते, आणि लॅटिन नाव मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येतं, झोप आली तर.

असो. घरात तसं सगळं ठीक आहे. बशा कुठल्या फळीवर ठेवतात ते सापडलं. थर्झाची खुर्ची आहे तिथेच आहे. तिला माझा नमस्कार सांगा असं म्हणणार नाही, सहज विषय निघाला तर हे पत्र टेबलावर उघडं ठेवा, बस. गुल्वेनरावांना सलाम.

आपला मेहुणा,
हेडली नॅन्करव्हिस

ता. क. – एक मुद्दा राहिला, आणि तो कायद्याचा आहे म्हणून स्वतंत्र लिहितो. महासंघाबाहेरच्या माणसाला तुमच्याकडे सलग नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. थर्झा चार मेला उतरली. आज चव्वेचाळिसावा दिवस. एक ऑगस्टला, तिची इच्छा असो वा नसो, तिला फेरीबोटीत बसावंच लागेल. बाहेर पडण्याचे फायदे दाखवा, दाखवा असं मिस यूरेन मला विचारत होत्या ना? हा घ्या एक! बायको घरी परत येण्याची कायदेशीर हमी! मी काही उतावीळ नाही, सेहेचाळीस दिवस सहज निघतील. कॅलेंडरवर खुणा करतो आहे.

दुसरा ता. क. – पाकीट बंद करणार एवढ्यात पोस्टमन आला. थर्झाचं पत्र. पहिल्यांदा वाटलं माझ्यासाठी काही बरं लिहिलं असेल, तर बॉयलरचा कुठला नळ फिरवायचा नाही ते होतं. (फिरवून झाला आहे.) आणि खाली चार ओळी. तुमची आजी कॉर्कची, त्यामुळे तिने आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं, पासपोर्ट मार्चमध्ये आला, आयर्लंड महासंघात आहे, तेव्हा ‘नव्वद दिवसांचा नियम मला लागू नाही, हेडली. तुला आहे.’ ताई, मार्चमध्ये! आणि अर्ज केला त्याच्या वर्षभर आधी! आजीचा जन्माचा दाखला तुमच्या कपाटात होता, म्हणजे तो तुम्हीच पाठवलात. साक्षीदाराची सही कुणाची, तर व्हिकरबाईंची! अख्ख्या सभागृहात मी एकटाच महासंघाबाहेर होतो की काय? आणि सगळ्यावर कडी ही की तो अर्ज टपालात टाकला मी. आता लख्ख आठवतं. खेकड्यांचेच कागद समजून. पाऊस होता म्हणून पाकीट कोटाच्या आत, छातीशी धरून नेलं होतं.

तिसरा ता. क. – आता विनंती. मी येतो. केरेन्झाचे कागद मिस यूरेन बघतील. माझा पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना निघाला, नवा मागवला आहे, तीन आठवडे लागतील. येताना काय आणू विचारणार होतो, पण कळलं की मांस, लोणी, चीज काहीही आणता येत नाही, हॅमचं सँडविचसुद्धा बंदरावर काढून घेतात. तेव्हा नुसताच येईन. तिला सांगा, भाषण आणणार नाही. तिने या चार वर्षांत काय काय केलं ते विचारायचं आहे, आणि ऐकायचं आहे. उशीर झाला आहे हे मला कळतं. मला खरंच करमत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की ती तुमच्याकडे जन्मभर राहू शकते आणि मला नव्वदच दिवस आहेत. तेवढ्यात तिचं मन वळलं नाही तर मला एकट्याला परत निघावं लागेल, आणि दाद मागायची सोय नाही, कारण तो नियम मी मत देऊन आणला आहे. म्हणून कृपा करा, मी उतरेन त्याच दिवशी तिला घरी थांबवा. बाजारात पाठवू नका.